खुडूक कोंबडी उठतच नसेल तर: बसवायची की मोडायची, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंकडे पंधरा कोंबड्या आहेत, बहुतेक गावरान, चार गिरिराज या सुधारित जातीच्या. आता मे महिन्यात तीन गावरान एकदमच खुडूक झाल्या आहेत, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसल्या आहेत. त्यातली एक पाच आठवडे रिकाम्या खोक्यात बसून आहे. तिला पाण्यात बुडवून झालं, डालग्याखाली कोंडून झालं, खोकं उचलून ठेवलं तर ती त्याच जागी जमिनीवर बसते. अंगाने झडली आहे, तुरा फिका पडलाय. शेजारणीने नाकात पीस घालायला सांगितलंय. कोंबडी आजारी आहे का, तिला उठवायचं कसं, आणि उरलेल्या दोघींना अंड्यांवर बसवू का?

ताई, नाकात पीस घालू नका. कोंबडी मुख्यतः नाकाने श्वास घेते. तिथे पीस ओवलं की जखम होते, ती चिघळते, नाक बंद होतं आणि मग उन्हाच्या कडाक्यात ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्या त्रासाने ती खोक्यातून उठते हे खरं, पण बसण्याची ओढ संपलेली नसते, आणि तुमची कोंबडी आधीच खंगलेली आहे.

खुडूक कोंबडीचे दोनच मार्ग आहेत. चांगली अंडी देऊन तिला रीतसर रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायचं, नाहीतर पहिल्या दोन-तीन दिवसांत खुडूक मोडायची, म्हणजे तिची बसण्याची ओढ संपवायची. "बसू दे, कंटाळली की उठेल" हा जो तिसरा मार्ग बहुतेक घरांत आपोआप निवडला जातो, त्यानेच कोंबड्या मरतात. खाली अंडी असली तर एकविसाव्या दिवशी पिलांची चिवचिव सुरू होते, ती ऐकून आणि पिलांच्या स्पर्शाने कोंबडीचं बसणं संपतं, तिचं आईपण सुरू होतं. रिकाम्या खोक्यात ती चिवचिव कधीच होत नाही. दिवस मोजणं तिला येत नाही. काही कोंबड्या महिन्याभराने आपणहून उठतात, पण हट्टी असते ती बसूनच राहते.

यात तिचा स्वभाव थोडा आणि शरीर जास्त आहे. दिवस मोठा व्हायला लागला, खोक्यात अंडी साठलेली दिसली, जागा अंधारी आणि उबदार असली, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त सोडायला लागते. त्याने अंडी घालणं थांबतं, भूक मंदावते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथला रक्तपुरवठा वाढून ती गरम होते. या उघड्या कातडीला खालून उबेचा स्पर्श मिळत राहिला की प्रोलॅक्टिन तेवढंच चढं राहतं. म्हणजे बसण्यानेच बसण्याची ओढ टिकते. खुडूक मोडायची म्हणजे हे चक्र पोटाखाली तोडायचं. एवढं समजलं की कोणते उपाय चालतात आणि कोणते चालत नाहीत, हे आपोआप कळतं.

डालग्याखाली कोंडून फरक पडला नाही, कारण डालग्याखाली अंधार असतो आणि खालची जमीन काही वेळात तिच्याच अंगाने उबदार होते. तिला नवं खोकं मिळाल्यासारखंच झालं. पाण्यात बुडवल्याने पोट दहा मिनिटं थंड राहतं, मग अंग झटकून ती परत जागेवर जाते. मे महिन्याच्या दुपारी पोटाला साधं पाणी लावलं तर नुकसान नाही, पण पावसाळ्यात किंवा थंडीत भिजवलेली, आधीच अशक्त कोंबडी गारठून आजारी पडते. आणि "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप उठेल" हा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. ती तशीही उपाशीच आहे.

आता उठवण्याआधी एक काम करा: तिला नीट तपासा. प्रत्येक बसलेली कोंबडी खुडूक नसते आणि प्रत्येक खुडूक कोंबडी निरोगी नसते.

आधी हात जवळ न्या. खुडूक कोंबडी पिसं फुलवून दुप्पट दिसते, घशातून कुर्र कुर्र करते, चोच मारते. आजारी कोंबडी हाताकडे लक्ष देत नाही, मान आखडून डोळे मिटून बसते. अंडं अडकलेली कोंबडीही बसून राहते, पण ती मधूनमधून कुंथते, उभी राहिली तर शेपूट खाली पाडून पाय फाकवून उभी राहते. मग तिला उचलून अंगणात ठेवा आणि पुढ्यात मूठभर दाणे टाका. खुडूक असेल तर मिनिटभर तशीच बसेल, मग उठून अंग झाडेल, भलीमोठी, घाण वासाची विष्ठा टाकेल, घाईघाईने खाईल, पाणी पिईल, जमलं तर मातीत लोळेल आणि पंधरा-वीस मिनिटांत जागेवर पळेल. ती मोठी विष्ठा हा आजार नाही. खोकं घाण होऊ नये म्हणून खुडूक कोंबडी दिवसभर रोखून धरते. दाण्याला तोंडच लावलं नाही, विष्ठा हिरवट-पांढरी पातळ असली किंवा मान वाकडी होत असली, तर ही बाब खुडूकपणाची नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका धरून तिला लगेच वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा.

ती खुडूकच आहे असं ठरलं की रात्री, ती शांत असताना, टॉर्च घेऊन बसा. तळहात तिच्या छातीखाली घाला. मधलं हाड हाताला लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असलं तर अजून वेळ आहे. हाड कोयत्याच्या पात्यासारखं वर आलं असेल आणि दोन्ही बाजूंना खळगे लागत असतील, तर तिने साठवलेली चरबी संपवून आता स्वतःचं मांस जाळायला सुरुवात केली आहे. तीन आठवडे कमी खाऊन काढायची तिच्या शरीराची तयारी असते, त्यात वजन घटणं स्वाभाविक आहे. पाच आठवड्यांची तयारी नसते.

तुऱ्याबद्दल एक सांगतो. खुडूक काळात तुरा थोडा आक्रसतो आणि फिका होतो, कारण अंडाशय विश्रांतीत गेलेलं असतं. तेवढ्यावरून घाबरू नका. पण खालची पापणी हळूच ओढून बघा, चोच उघडून आत बघा. तिथलं गुलाबी जाऊन पांढरट झालं असेल तर रक्त कमी झालंय, आणि खुडूक कोंबडीच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा तिच्या खोक्यातच सापडतं.

या कारणाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या पाहण्यात "बसून बसून मेली" असं म्हटल्या गेलेल्या कितीतरी कोंबड्या खरं तर कीटकांनी मारलेल्या असतात. कोंबडी एरवी रोज मातीत लोळून अंगावरचे किडे झाडते. खुडूक कोंबडी हे जवळजवळ बंद करते, आणि एकाच जागी रात्रंदिवस गरम अंगाने बसते. उवा आणि कोळी (जाळं विणणारा नव्हे, कोंबडीचं रक्त पिणारा बारीक किडा) दोघांनाही याहून चांगलं घर मिळणार नाही. उवा अंगावरच राहतात. शेपटीखाली, गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला केलीत तर गव्हाळ रंगाच्या बारीक उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. लाल कोळी मात्र दिवसा कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही. तो खोक्याच्या फटीत, कोंबड्या झोपतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला, पेंढ्याखाली लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. म्हणून दिवसा तपासून "काही नाही हो अंगावर" असं लोक सांगतात. रात्री, अंधार पडल्यावर दोन तासांनी, पांढरं फडकं खोक्याच्या फटीवरून आणि दांडीखालून दाबून फिरवा. फडक्यावर लाल रेघा उमटल्या तर ते तुमच्या कोंबडीचंच रक्त आहे.

उवा असतील तर पशुवैद्यकाकडून कोंबड्यांसाठीची कीटकनाशक भुकटी घ्या आणि पिसं उलटी करून मुळाशी लावा. लिखा त्याने मरत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा लावा. लाल कोळी असेल तर कोंबडीपेक्षा खुराड्याकडे आधी बघा: आतला सगळा पेंढा बाहेर काढून जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, चांगलं ऊन खाऊ द्या, मग आतून-बाहेरून चुना मारा आणि तो पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत घ्या. आठवड्याने हे परत करा, कारण फटीत उरलेली अंडी तोवर फुटलेली असतात. आंब्याच्या फवारणीसाठी घरात असलेलं औषध पातळ करून कोंबडीवर मारायचा मोह कोकणात अनेकांना होतो. तसं करू नका. त्याने उवांबरोबर कोंबडीही जाते, आणि जगली तरी अंड्यांतून ते विष पोरांच्या पोटात जाऊ शकतं. चुलीतली सुकी राख आणि बारीक माती समप्रमाणात मिसळून एका घमेल्यात कायम ठेवा. राख भिजू देऊ नका, ओली राख पायाला आणि कातडीला भाजते.

आता मोडायची पद्धत. दोन बाय दोन फुटांचा पिंजरा घ्या, त्याचा तळ जाळीचा हवा, भोकं साधारण अर्धा ते पाऊण इंचाची. तो विटांवर किंवा दोन बाकड्यांवर असा ठेवा की खालून वारा खेळेल. आत पेंढा नाही, पोतं नाही, खोकं नाही. सावली पूर्ण हवी, पण उजेड भरपूर, आणि बाकीच्या कोंबड्या नजरेसमोर. दाणा आणि पाणी चोवीस तास. जाळीवर बसली तरी पोटाखाली ऊब साचत नाही, वारा लागत राहतो, आणि ते चक्र तुटतं. रात्रीही ती पिंजऱ्यातच राहिली पाहिजे. मुंगूस, ऊदमांजर आणि साप यांच्या भीतीने पिंजरा पडवीत आत घ्या, पण तिला उचलून खुराड्यात ठेवू नका. दिवसाचं सगळं काम एका रात्रीत वाया जातं. मी पाहिलेल्या अपयशांपैकी बहुतेक इथेच होतात: माणसाला रात्री कोंबडीची दया येते.

नुकतीच बसलेली कोंबडी तीन दिवसांत मोडते. दोन आठवडे बसलेलीला पाच-सहा दिवस लागतात, तुमच्या पाच आठवडेवालीला आठवडाही लागेल. सकाळी सोडून बघा. ती चरायला लागली, इतरांत मिसळली, मातीत लोळली, तर काम झालं. थेट खोक्याकडे गेली तर न रागावता परत पिंजऱ्यात. सुरुवातीलाच मोडलेली कोंबडी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. फार दिवस बसलेलीला तीन आठवडे किंवा जास्तही लागतात, कारण आक्रसलेलं अंडाशय नव्याने कामाला लागायचं असतं. तोवर तिची घाई करू नका.

या खंगलेल्या कोंबडीला पिंजऱ्यात पहिले दोन दिवस तांदळाची कणी शिजवून किंवा भिजवलेलं कोंबडीखाद्य थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या, बरोबर उकडलेल्या अंड्याचे तुकडे. दुपारच्या पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ, पण ते पाणी संध्याकाळी ओतून टाका, आंबवून ठेवू नका. तिसऱ्या दिवसापासून मका-ज्वारीची भरड वाढवा. पापणी पांढरट असेल तर लोह-जीवनसत्त्वाचं औषध पशुवैद्यकाला विचारून सुरू करा. जंताचं औषध आणि कुठलीही लस मात्र आठवडाभराने, ती सावरल्यावर.

उरलेल्या दोन कोंबड्यांना बसवू का, असं तुम्ही विचारलं आहे. आता मे महिन्यात नको. उन्हाळ्यात घरातलंच तापमान इतकं असतं की ठेवलेल्या अंड्यांत बीज अर्धवट वाढायला लागतं आणि मरतं. अशी अंडी रवणीखाली घातलीत की निम्मी नासतात. पत्र्याखाली बसलेली कोंबडी उष्म्याने धापा टाकते, कधी बसल्या जागी मरते. आणि सगळं जमलंच तर पिलं निघतील ती मृगाच्या पावसात, ओल्या जमिनीवर, जिथे रक्ती हगवण त्यांची वाट बघत असते. दोघींनाही आजच पिंजऱ्यात घाला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ कोकणात रवणीला चांगला. तेव्हा याच गावरान कोंबड्यांचा खुडूकपणा तुमच्या कामी येईल, त्यांच्याखाली तुम्ही गिरिराजची किंवा कडकनाथची अंडीही घालू शकता. या जाती स्वतः फारशा बसत नाहीत.

तेव्हा बसवाल तेव्हाच्या काही गोष्टी आत्ताच लिहून ठेवतो. बसवण्याआधीच उवांचं आणि जंतांचं औषध उरका, पिलं पंखाखाली आली की भुकटी वापरता येत नाही. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, गावरान कोंबडीखाली दहा-बारा. त्याहून जास्त घातलीत तर कडेची थंड पडतात आणि कोंबडी अंडी फिरवते तेव्हा रोज वेगळी अंडी कडेला जातात, म्हणजे सगळीच बिघडतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली येऊन अंडी घालतात, बिनखुणेचं दिसलं की त्याच दिवशी काढा, नाहीतर काही पिलं निघतात आणि आई उठून जाते, मागची अर्धी उबलेली राहतात. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा, आत कोळ्यासारखी लाल जाळी दिसली तर अंडं चांगलं, स्वच्छ दिसलं तर वांझ. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. आणि दाणा-पाणी खोक्यापासून चार पावलांवर ठेवा. बसल्या जागी खायला मिळालं तर ती उठत नाही, खोकं घाण करते. दिवसातून एकदाही उठत नसेल तर तुम्ही उचलून बाहेर ठेवा, पण उचलताना पंखाखाली एखादं अंडं अडकलं नाही ना ते बघा.

राहता राहिली ती हट्टी कोंबडी. समजा पिंजऱ्यातून सोडल्यावर ती तिसऱ्यांदाही खोक्यातच गेली. अशा कोंबडीवर पिंजऱ्याचे आणखी पंधरा दिवस खर्च करण्यापेक्षा तिला पिलं द्या. एक दिवसाची चार-पाच पिलं मिळवा, अंधार पूर्ण पडल्यावर, दिवा न लावता, एकेक पिलू मागून तिच्या पोटाखाली सरकवा. पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर राहा. ती हलक्या आवाजात कुक् कुक् करत असेल, पिलं पंखांतून डोकी काढत असतील, तर तिने स्वीकारलं. डोक्यावर चोची मारत असेल तर लगेच पिलं काढून घ्या, त्या कोंबडीबाबत हा मार्ग संपला. स्वीकारलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठते, पिलांना दाणे टिपायला शिकवता शिकवता स्वतः खाते आणि बसून राहण्यापेक्षा कितीतरी लवकर भरते. पण जूनमध्ये हे करायचं असेल तर कोरडी, वर छप्पर असलेली पडवीची जागा हवीच, आणि पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब घालून द्यायला हवी. ही तयारी नसेल तर पिंजराच बरा.

पुन्हा तिन्ही एकदम बसू नयेत म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत अंडी दिवसातून दोनदा काढा, खोक्यात एकही राहू देऊ नका, आणि संध्याकाळी खोकी बंद करून सगळ्यांना दांडीवर झोपवा. हा गुण पुढच्या पिढीत उतरतो हेही लक्षात ठेवा. तुम्हाला अंडी विकायची असतील तर या हट्टी कोंबडीच्या तलंगा (तरुण माद्या) वंशाला ठेवू नका. पिलं विकायची असतील तर याच तलंगा तुमच्या कामाच्या.

पिंजऱ्यातून कळपात परत नेताना तिला भर दिवसा सोडू नका. आठवडाभर बाजूला राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते, आणि अशक्त दिसली तर डोक्यावर रक्त येईपर्यंत टोचतात. रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्यावर, तिला मधोमध बसवा. सकाळी दाणे दोन वेगळ्या ठिकाणी टाका म्हणजे तिला हुसकून लावलं तरी खायला मिळेल, आणि पहिले दोन दिवस दुपारी एकदा तिची गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघा. ती भरलेली लागली म्हणजे ती खाते आहे. रिकामी लागली तर तिला आणखी तीन दिवस वेगळं खायला घाला.